लावणीचा चिखल, गाभडलेली गाय: लेप्टो आणि ब्रुसेलापासून बचाव

पावसाच्या चार महिन्यांत गोव्यातल्या शेतकऱ्याने दोन जिवाणूंवर खास नजर ठेवायला हवी, लेप्टोस्पायरा आणि ब्रुसेला. दोन्ही जनावरांतून माणसात येतात आणि दोन्हींमुळे गाय गाभडते. त्याहून वाईट म्हणजे, जे जनावर बरे झालेले दिसते तेच पुढे रोग पसरवत राहते. लेप्टो मूत्रपिंडात ठाण मांडून मुतातून बाहेर पडतो, तर ब्रुसेला कासेत आणि लसिकाग्रंथींत दडून दुधातून आणि वितीच्या वेळच्या पाण्यातून. गाय चारा खाते, रवंथ करते, तिच्याकडे पाहून काही कळत नाही. ते कळते फक्त प्रयोगशाळेत, आणि तिथे नमुना वेळेवर पोचला तरच.

गाय गाभडली तर

पाचव्या महिन्यानंतर गाभडणे आणि मागोमाग वार अडकणे, ही ब्रुसेलाची नेहमीची खूण. अशा वेळी घाईने अडकलेली वार हाताने ओढू नका. वार आणि तिच्याबरोबरचे पाणी जिवाणूंनी अक्षरशः भरलेले असते, आणि हातावरच्या साध्या खरचटण्यातून किंवा डोळ्यात उडालेल्या एका शिंतोड्यातूनही माणसाला लागण होते. गर्भवती बाई आणि मुले यांना गोठ्यापासून दूर ठेवा.

आधी पशुवैद्यांना फोन, मग साफसफाई. गोठा धुऊन टाकल्यावर तपासायला काहीच उरत नाही. मेलेले वासरू दुहेरी प्लॅस्टिक पिशवीत घालून बर्फावर ठेवावे. गाईचे रक्त पशुवैद्य घेतील. ते साध्या नळीत साकळू द्यायचे आणि थंड ठेवायचे, पण फ्रीजरमध्ये गोठवायचे नाही, कारण गोठल्यावर रक्तपेशी फुटतात आणि नमुना वाया जातो. दोन-तीन आठवड्यांनी दुसऱ्यांदा रक्त मागितले तर कंटाळा करू नये. लेप्टोच्या निदानात पहिल्या नमुन्यापासून दुसऱ्यापर्यंत प्रतिद्रव्यांत (जिवाणूविरुद्ध शरीराने रक्तात तयार केलेल्या घटकांत) झालेली वाढच बोलते. ब्रुसेलाची पहिली चाचणी मात्र झटपट होते: रक्तद्रवाचा एक थेंब, गुलाबी रंगाच्या रोज बंगाल द्रावणाचा एक थेंब, आणि चार मिनिटांत बारीक दाणे धरले तर जनावर संशयित.

नमुने दिल्यावर उरलेली वार, रक्त लागलेले गवत आणि अंथरूण पुरावे. वार ओहोळात सोडणे किंवा झाडाला बांधणे बंदच करा. कुत्रा, कावळा ती दुसऱ्याच्या गोठ्यापर्यंत नेतात. खड्डा पाच फूट तरी खोल हवा. पावसात आपल्याकडे दोन फुटांवर पाणी लागते, तेव्हा जागा उंचवट्यावर, विहीर आणि कुळागराच्या (माड-पोफळीच्या बागेच्या) पाटापासून लांब निवडा. खाली चुना, वर चुना, आणि कुत्र्यांनी उकरू नये म्हणून माथ्यावर दगड.

मग गोठा. जनावरे बाहेर काढून शेण आणि माती पूर्ण खरवडा, पाण्याने धुवा आणि त्यानंतरच ब्लीचिंग पावडर वापरा. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम ताजी पावडर घेतली तर साधारण एक टक्का क्लोरीन मिळतो. अर्धा तास राहू द्या, मग पाणी मारा. शेणावरच ओतली तर क्लोरीन शेणातच संपतो, जिवाणूपर्यंत पोचत नाही. ओलसर उघडी पिशवी महिनाभर गोठ्यात पडलेली असेल तर तिच्यात जोर उरलेला नसतो. ती वापरून मनाचे समाधान करून घेऊ नका.

गाभडलेली गाय पुढच्या खेपेला नीट व्याली की घरचे निश्चिंत होतात. ब्रुसेलात तसे होतेच, बहुतेक गाई एकदाच गाभडतात, पण जिवाणू तसाच राहतो. हा जिवाणू पेशींच्या आत लपतो, त्यामुळे गाईला इंजेक्शने देऊन भागत नाही. तिला वेगळे बांधा, तिची वीत वेगळ्या जागी करा, आणि ती दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका. लेप्टोवर मात्र पशुवैद्यांच्या सल्ल्याने औषध लागू पडते.

लस आणि खरेदी

पाडीला ब्रुसेलाची एस-19 लस चौथ्या ते आठव्या महिन्यात, आयुष्यात एकदाच. गाभण जनावराला आणि नराला ती देत नाहीत. वय उलटून दिली तर रक्तातली प्रतिद्रव्ये रेंगाळतात आणि पुढच्या चाचणीत लस कुठली, रोग कुठला हे ओळखणे कठीण होते. लसीत जिवंत जिवाणू असतो, म्हणून सुई पशुवैद्यांच्याच हातात राहू द्या. कानातल्या 12 अंकी बिल्ल्यावर नोंद झाली ना, हे तिथेच पाहून घ्या.

परराज्यातून गाय आणताना रक्त तपासून आणा, महिनाभर वेगळी बांधा, पुन्हा तपासा. गाभण पाडी पहिल्या तपासणीत स्वच्छ येऊन व्याल्यावर बाधित निघू शकते, म्हणून वितीनंतर दोन-तीन आठवड्यांनी एक तपासणी धराच.

शेतातला चिखल

लेप्टो उंदराच्या मुताबरोबर बांधावरून शेतात उतरतो. उन्हात, कोरड्या जमिनीत आणि खारट पाण्यात तो टिकत नाही. पण पावसात खाजनातलेही (खाडीकाठच्या खाऱ्या सखल शेतातलेही) पाणी गोडे होते, तेव्हा खाजनवाल्यांनी निर्धास्त राहू नये.

गमबूट घाला असे सांगणे सोपे आहे. गुडघाभर चिखलात लावणी करताना तो रुतून बसतो, हे शेतात उतरणारा प्रत्येकजण जाणतो. बांधावर, गोठ्यात, पाट साफ करताना तो घालाच. लावणीला अनवाणी उतरायचेच असेल तर पायाची बोटे तपासा. चिखल्या झाल्या असतील, टाच भेगाळली असेल, तर ते जिवाणूला उघडे दार आहे. जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावा, वर आल्यावर साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. चिखल्या चिघळलेल्या असतील त्या दिवशी लावणी दुसऱ्याकडे द्या.

पशुखाद्य झाकणाच्या पिंपात ठेवा. उंदरांसाठी झिंक फॉस्फाइड वापरायचे तर आधी दोन-तीन दिवस बिनविषाचे आमिष, मग 96 भाग भरडलेले धान्य, 2 भाग तेल, 2 भाग औषध, तेही बिळातच. गोठ्यात हे विष नको.

विहिरीसाठी 1000 लिटरला 2.5 ग्रॅम ब्लीचिंग पावडर. दोन मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर ते साधारण 9400 लिटर, म्हणजे 24 ग्रॅम. बादलीत कालवा, गाळ बसू द्या, वरचे पाणी विहिरीत सोडून ढवळा, तासभर उपसू नका. दूध उकळी फुटेपर्यंत तापवूनच प्या.

ताप आला तर

पोटऱ्या दुखणारा ताप, लाल डोळे, पुढे कावीळ, लघवी कमी होणे: लेप्टोचा संशय घ्या. चढउतार होणारा ताप, रात्रीचा घाम, सांधेदुखी आठवडे चालली तर ब्रुसेलाचा. पावसात डॉक्टर आधी मलेरिया, डेंगी तपासतात, तेव्हा "लावणीला होतो" किंवा "गाभडलेल्या गाईला हात लावला" हे आपणहून सांगा. त्या एका वाक्याने तपासण्यांची दिशा बदलते. प्रतिबंधाची डॉक्सिसायक्लिन डॉक्टरांनी लिहून दिली तरच घ्या. गरोदर बायकांना आणि लहान मुलांना ती चालत नाही. लघवी कमी झाली असेल तर घरी थांबू नका, आरोग्य केंद्रातून थेट बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) जा.