स्नूकर शिकताय? हिशेबातल्या या चुका टाळा

नवख्यांच्या फ्रेममध्ये, म्हणजे एका डावात, वाद होतात ते बहुतेक हिशेबावरून. बावीस बॉल: पंधरा लाल, सहा रंगीत आणि एक पांढरा. एक लाल, मग एक रंगीत, पुन्हा लाल, हा क्रम कुणीही पाच मिनिटांत शिकतो. तरीही गाडी अडते, कारण फटका मारण्याआधी ‘आत्ता ऑन बॉल, म्हणजे नियमाने आधी मारायचा बॉल, कोणता?’ हा प्रश्न विचारायची सवय लागलेली नसते.

सगळ्यात जास्त गोंधळ फाऊलच्या गुणांचा. ‘फाऊल म्हणजे चार’ हे अर्धंच खरं आहे. चार हा किमान आकडा. ऑन असलेला बॉल आणि फाऊलमध्ये सापडलेला बॉल, यांच्या गुणांतला मोठा आकडा धरायचा. तो चारपेक्षा कमी भरला तरच चार. लाल ऑन असताना पांढरा कशालाच लागला नाही, तर चार. लालऐवजी आधी पाच गुणांच्या निळ्याला लागला, तर पाच. लाल व्यवस्थित पॉट झाला (पॉकेटमध्ये पडला) पण त्याच फटक्यात सात गुणांचा काळाही पडला, तर सात, आणि त्या लालचा गुणही मिळत नाही. काळा सांगून पिवळ्याला मारलं तरी सातच. इथे नवखे हमखास पिवळ्याचे दोन म्हणतात.

हे गुण प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात जमा होतात, आपल्यातून वजा होत नाहीत. काही जण एकाचे कापतात आणि दुसऱ्याला देतातही. मग सातचा फाऊल चौदाचा होतो आणि शेवटी कुणाचाच आकडा जुळत नाही.

पूलमधून आलेल्यांची चूक वेगळी. समोरच्याने फाऊल केला की ते पांढरा उचलून हवा तिथे ठेवतात. स्नूकरमध्ये पांढरा थांबला तिथूनच खेळायचा. जागा अवघड वाटली तर ‘तूच परत खेळ’ असं समोरच्याला सांगता येतं. हा हक्क नवखे फारसा वापरतच नाहीत. पांढरा पॉकेटमध्ये गेला किंवा टेबलाबाहेर पडला तरच तो हातात मिळतो, आणि तोही फक्त ‘डी’च्या, म्हणजे टेबलाच्या एका टोकाकडे आखलेल्या अर्धवर्तुळाच्या, आत ठेवायचा. तिथून मात्र कुठल्याही दिशेला मारता येतं.

एका फटक्यात दोन लाल पडले तर घाबरू नका, तो फाऊल नाही, दोन गुण घ्या.

रंगीत बॉल परत ठेवताना त्याची जागा अडलेली असेल, तर जवळपास कुठेतरी टेकवू नका. रिकाम्या जागांपैकी सर्वांत जास्त गुणांच्या बॉलची जागा त्याला द्यायची. शेवटच्या लालनंतर घेतलेला रंगीत बॉलही परत येतो, हे विसरलं जातं. तो ठेवून झाल्यावरच पिवळा, हिरवा, तपकिरी, निळा, गुलाबी, काळा असा क्रम सुरू होतो.

पांढरा दुसऱ्या बॉलला चिकटून थांबला, तर त्या बॉलला न हलवता पांढरा दूर मारायचा. चिकटलेला बॉलच ऑन असेल तर तो लागल्याचं धरतात, दुसरा शोधावा लागत नाही. मला हा नियम फार आवडतो, कारण अडचण वाटणारी ही जागा बचावासाठी सोन्यासारखी असते. नवखे मात्र क्यूने दोन्ही बॉल ढकलतात, आणि तो फाऊल होतो.

आणि फ्री बॉल, म्हणजे ऑन बॉलऐवजी दुसरा बॉल खेळायची सूट. फटका नुसता कठीण आहे म्हणून तो मागता येत नाही. समोरच्याच्या फाऊलनंतर, मधे आलेल्या बॉलमुळे एकाही ऑन बॉलच्या दोन्ही कडांना सरळ मारता येत नसेल, तरच तो मिळतो. लाल ऑन असताना फ्री बॉल म्हणून काळा पॉट केला तर गुण एकच, सात नव्हे! तो काळा परत ठेवायचा आणि मग हवा तो रंगीत बॉल सांगायचा. फ्री बॉलच्याच आड पांढरा लपवणं हाही फाऊल. फक्त गुलाबी आणि काळा उरले असतील तेवढाच अपवाद.

एकटा काळा उरला की पहिल्या पॉटवर किंवा पहिल्या फाऊलवर फ्रेम संपते. गुण बरोबरीत आले तर काळा परत ठेवतात, पांढरा ‘डी’त येतो, आणि पहिला फटका कोणी मारायचा हे नाणेफेक जिंकणारा ठरवतो.