रुबेन ओलिवारेस कसा पाहावा: आधी लढती, मग सिनेमा

मेक्सिकोचा बॉक्सर रुबेन ओलिवारेस, टोपणनाव 'एल पुआस', याची ओळख बहुतेकांना नॉकआउटच्या तुकड्यांतून होते. पाच मिनिटांच्या व्हिडिओत वीस माणसं कोसळताना दिसतात आणि हा नुसता जोरात मारणारा गडी होता असा समज पक्का होतो. तो समज मोडायचा असेल तर तुकडे बाजूला ठेवा आणि मोजक्याच लढती, पण पूर्ण पाहा. साताठ पुरतात.

सुरुवातीला एक कागद घ्या. रकाने सहाच: तारीख, ठिकाण, प्रतिस्पर्धी, वजनगट, किताब पणाला होता की नाही, आणि कितव्या फेरीत कसा निकाल लागला. हा कागद नसेल तर तिसऱ्या व्हिडिओनंतर गोंधळ होणारच, कारण त्याने चुचो कास्तियो, बॉबी चाकोन आणि राफाएल एरेरा यांच्याशी एकापेक्षा जास्त वेळा लढती केल्या आणि अपलोड करणारे त्या सर्रास एकमेकांत मिसळतात. तारखांतही सापळा आहे. मेक्सिकन पानांवर दिवस आधी, अमेरिकन पानांवर महिना आधी. कास्तियोबरोबरची तिसरी लढत 2 एप्रिल 1971 ची. ती 2/4/71 अशी लिहिली की अमेरिकन वाचक फेब्रुवारीत शोधत बसतो.

एकूण आकड्यांवर वाद घालत बसू नका. साधारण 105 लढती, त्यांत 89 विजय आणि 79 नॉकआउट असे आकडे दिसतील. एखाददुसऱ्या लढतीचा फरक याद्यायाद्यांत असतोच, सुरुवातीच्या छोट्या लढतींच्या नोंदी तेवढ्या काटेकोर नव्हत्या. किताबांबाबत मात्र काटेकोर राहा. बँटमवेटमध्ये, म्हणजे 118 पौंडांत (सुमारे साडेत्रेपन्न किलो), डब्ल्यूबीए आणि डब्ल्यूबीसी या बॉक्सिंगच्या दोन्ही जागतिक संघटना त्यालाच विजेता मानत होत्या. फेदरवेटमध्ये, 126 पौंडांत, तसं कधीच झालं नाही. 9 जुलै 1974 ला झेनसुके उतागावाला हरवून मिळाला तो डब्ल्यूबीएचा रिकामा पडलेला किताब, आणि 20 जून 1975 ला चाकोनकडून घेतला तो डब्ल्यूबीसीचा. या दोन्हींना मिळून 'निर्विवाद विजेता' म्हणणारं पान दिसलं तर पुढे वाचू नका.

आता पाहायला बसा. पहिली लढत लायोनेल रोझची, 22 ऑगस्ट 1969, लॉस एंजेलिसलगत इंगलवुडचं फोरम हे प्रेक्षागृह. रोझ ऑस्ट्रेलियाचा, किताब त्याच्याकडे. पाचव्या फेरीत खेळ संपला. ही लढत आवाज बंद करून दोनदा पाहा. समालोचक डोक्यावरच्या ठोशांवर ओरडतात आणि आपली नजरही तिकडेच जाते. दुसऱ्या वेळी ओलिवारेसकडे बघूच नका. प्रतिस्पर्ध्याच्या उजव्या कोपरावर नजर ठेवा. यकृत उजव्या फासळ्यांखाली असतं आणि त्याला आडोसा त्या कोपराचाच. ओलिवारेसचा डावा हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा, तिथे खालून आत शिरतो. दोनतीन बसले की कोपर आपोआप खाली येतं, त्याबरोबर हातमोजा गालावरून सुटतो आणि तोच डावा हात आता वर जातो. ठोसा एकच, उंची दोन. यकृतावर नेमका बसलेला ठोसा लगेच पाडत नाही, माणूस क्षणभर उभा राहतो आणि मग गुडघ्यात वाकतो. 'काहीच लागलं नाही, तरी कसा पडला' असं वाटलं तर फीत दहा सेकंद मागे घ्या.

फीत बरोबर वेगाने चालली आहे का, हेही एकदा तपासा. घंटेपासून घंटेपर्यंत फेरी तीन मिनिटांची हवी. घड्याळ लावलं आणि 2 मिनिटं 53 सेकंदांतच घंटा वाजली, तर सेकंदाला 24 चित्रांची फिल्म 25 च्या वेगाने उतरवलेली आहे. मग त्याचे हात खरे होते त्यापेक्षा चपळ दिसतात. प्लेअरमध्ये वेग 0.96 करा. फेरी फारच लहान निघाली तर ती कापलेली आहे. अशा प्रतीवरून गुण देऊ नका.

खरा ऐवज कास्तियोच्या तीन लढतींत आहे. तिन्ही फोरमवरच्या, दोघंही मेक्सिकन आणि प्रेक्षागृहही बहुतांश मेक्सिकन. याच कास्तियोला डिसेंबर 1968 मध्ये याच जागी रोझविरुद्ध गुणांवर हरलेला ठरवलं, तेव्हा लोकांनी दंगल केली होती. आवाज का एवढा, ते यावरून कळेल. 18 एप्रिल 1970 ला ओलिवारेस तिसऱ्या फेरीत खाली बसला, तरी पंधरा फेऱ्यांअंती जिंकला. 16 ऑक्टोबरला ओलिवारेसच्या डोळ्यावरची जखम वाढली, चौदाव्या फेरीत लढत थांबवली आणि किताब कास्तियोकडे गेला. 1971 मध्ये त्याने गुणांवर किताब परत घेतला. तिन्ही एका दिवसात पाहू नका, पंधरा फेऱ्या म्हणजे विश्रांती धरून 59 मिनिटं. पहिली आणि तिसरी शेजारी ठेवून नोंदी घ्या: कोपऱ्यात किती वेळा अडवलं, शरीरावर किती ठोसे, आणि दहाव्या फेरीनंतर पाय किती हलतात. त्याला फक्त मारता येत होतं म्हणणाऱ्यांना तिसरी लढत दाखवावी.

मधल्या काळातली काझुयोशी कानाझावाची लढत (नागोया, ऑक्टोबर 1971, चौदाव्या फेरीत नॉकआउट) चुकवू नका. ॲलन रडकिन दुसऱ्याच फेरीत संपला, ती राहिली तरी चालेल. मार्च 1972 मध्ये मेक्सिको सिटीत एरेराने आठव्या फेरीत किताब काढून घेतला. ती पाहा, कारण पुढच्या घसरणीची सुरुवात तिथेच आहे.

23 नोव्हेंबर 1974 ची अलेक्सिस आर्गुएयोबरोबरची लढत शेवटी ठेवा. ओलिवारेस पुढे होता. तेराव्या फेरीत दोघांचेही डावे हुक एकदमच सुटले, पण निकाराग्वाच्या आर्गुएयोचा आधी पोचला. हा क्षण पाव वेगाने पाहा: ओलिवारेसचा हात मोठ्या फेऱ्याने येतो, आर्गुएयोचा आखूड. 1975 मध्ये चाकोन दोन फेऱ्यांत गेला खरा, पण वजन उतरवताना तो आधीच पिळून निघाला होता. त्या विजयाला फार भाव देऊ नका. तीनच महिन्यांत घानाच्या डेव्हिड कोटेने विभागलेल्या निकालावर, म्हणजे पंचांचं एकमत नसताना, तो किताबही नेला.

मग पडदा. मेक्सिकोत विजेता बॉक्सर सिनेमात जाणं नवलाचं नव्हतं. क्युबात जन्मलेला मेक्सिकन विजेता होसे 'मान्तेकिया' नापोलेस 1974 मध्ये कुस्तीवीर सांतोसोबत भुताच्या सिनेमात झळकला. ओलिवारेससाठी पाहायचा तो 'लास ग्लोरियास देल ग्रान पुआस' (1984). शोधताना रोमन लिपीत स्पॅनिश नाव टाका आणि सोबत 'पुआस' हवंच. नुसत्या नाव-आडनावाने भलतेच ओलिवारेस निघतात.

सिनेमातला ठोसा अभ्यासासाठी वापरू नका. कॅमेऱ्याला दिसावा म्हणून तो लांबून फिरवतात आणि मार खाणाऱ्याच्या पाठीमागून चित्रण करून मधलं अंतर लपवतात. फोरमवरचा तो आखूड डावा इथे सापडणार नाही. बघायचं ते त्याचं बोलणं, हसणं, वस्तीतल्या पोरासारखं वावरणं. संवाद मेक्सिको सिटीच्या गल्लीबोळातले आहेत. आपोआप तयार होणारं इंग्रजी भाषांतर विनोदाची माती करतं, म्हणून आधी स्पॅनिश उपशीर्षकं लावा आणि अडलेला शब्द तेवढा शोधा.