लिफ्ट ठरवायची ती काँक्रीट पडण्याआधी

सोसायटीच्या पुनर्विकासात लिफ्टचा विषय बहुतेक वेळा शेवटी निघतो: कंपनी कोणती, आत स्टील की आरसा. तोवर शाफ्ट, म्हणजे लिफ्ट वर-खाली जाते तो उभा चौकोनी बोगदा, बांधून झालेला असतो. माणसं किती मावणार, स्ट्रेचर जाणार का, दरवाजा किती रुंद, हे त्या चार भिंतींनी आधीच ठरवून टाकलेलं असतं. म्हणून नकाशे मंजुरीला जाण्यापूर्वी आर्किटेक्ट आणि आरसीसी (सळई-काँक्रीटच्या बांधकामाचा) कन्सल्टंट यांना समोर बसवून पुढचा हिशोब करून घ्या.

लिफ्ट किती?

स्टिल्टवर (खांबांवरच्या मोकळ्या तळमजल्यावर) 12 मजले, मजल्यावर 4 घरं आहेत असं धरू. घरटी 5 माणसं म्हणजे एकूण 240. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार रहिवासी इमारतीत गर्दीच्या 5 मिनिटांत 7.5 टक्के लोकांची ने-आण व्हायला हवी, म्हणजे 18 जणांची. 8 माणसांची लिफ्ट सहसा 80 टक्केच भरते, तेव्हा 6 जण धरा. मजला 3 मीटरचा आणि वेग सेकंदाला 1 मीटर असेल, तर 36 मीटर वर जाऊन खाली यायला 72 सेकंद. ही 6 माणसं साधारण 5 वेगवेगळ्या मजल्यांवर उतरतात. तळमजला मिळून थांबे 6 होतात. वेग कमी होणं, दरवाजा उघडणं-मिटणं यात थांब्यामागे 10 सेकंद जातात, म्हणजे 60. माणसांच्या आत-बाहेर करण्याचे आणखी 18. एक फेरी 150 सेकंदांची झाली, 5 मिनिटांत दोनच फेऱ्या आणि 12 माणसं.

म्हणजे एक लिफ्ट पुरत नाही. दोन घेतल्या तर 24 जण जातात आणि दर 75 सेकंदांनी लिफ्ट मिळते. वेग 1.5 मीटर केला तर हे अंतर 63 सेकंदांवर येतं. वेग वाढवून फक्त प्रवासाचे 24 सेकंद वाचले, थांब्यांचे 60 तसेच राहिले. म्हणूनच अशा इमारतीत जास्त वेगासाठी पैसे मोजण्यापेक्षा चांगल्या प्रतीच्या, झटपट चालणाऱ्या दरवाजांवर खर्च करावा. पार्किंगचं तळघर किंवा पोडियम (इमारतीच्या पायथ्याचे पार्किंगचे मजले) असेल तर ते थांबेही हिशोबात धरा. आणि दोन्ही लिफ्ट एकाच कंट्रोलने जोडलेल्या हव्यात. नाहीतर लोक दोन्ही बटणं दाबतात आणि दुसरी लिफ्ट रिकामीच मजल्यावर येऊन थांबते.

दोन्ही सारख्या नकोत

15 मीटर किंवा त्याहून उंच इमारतीत एक फायर लिफ्ट (आगीच्या वेळी अग्निशमन दलाने वापरायची) लागते: आतलं क्षेत्रफळ किमान 1.4 चौरस मीटर, क्षमता 545 किलो, आणि तळापासून वरच्या मजल्यावर 1 मिनिटात पोहोचणारी. 8 माणसांची 1300 बाय 1100 मिमीची लिफ्ट यात जेमतेम बसते (1.43 चौरस मीटर), 6 माणसांची बसतच नाही.

दुसरी लिफ्ट स्ट्रेचरची घ्याच. आत 1100 मिमी रुंद, 2100 मिमी खोल आणि दरवाजा 900 मिमीचा, साधारण 1000 किलोची. हार्ट अटॅक आलेल्या माणसाला खुर्चीत बसवून उतरवावं लागतं ते हे एक माप चुकल्यामुळे. बिल्डर जागेचं कारण सांगेल. इथे मात्र कमिटीने मागे हटू नये.

शाफ्टमध्ये कुठे चुकतं

8 माणसांच्या लिफ्टसाठी शाफ्ट 1900 बाय 1900 मिमी धरतात. मशीन रूम नसलेल्या लिफ्टला खाली साधारण दीड मीटर खड्डा आणि वरच्या मजल्याच्या लादीपासून सुमारे साडेचार मीटर उंची लागते. ही मापं कंपनीगणिक बदलतात. म्हणून तीन कंपन्यांची ड्रॉइंग मागवा आणि प्रत्येक माप त्यातलं मोठं ठेवा. पुढे भाव करताना हातात पर्याय राहतात.

माप एका मजल्यावर घेऊन चालत नाही. वरून ओळंबा सोडून प्रत्येक मजल्यावर चारही बाजू मोजायच्या. एखादा बीम 40 मिमी आत आला असेल तर संपूर्ण शाफ्ट तेवढा अरुंद समजायचा. मग कंत्राटदार तो बीम छिन्नीने तासतो आणि सळई उघडी पडते. हे होऊ देऊ नका. गाइड रेलचे (लिफ्ट ज्यांच्या आधाराने सरकते त्या उभ्या रुळांचे) ब्रॅकेट हलक्या ब्लॉकच्या भिंतीत धरत नाहीत, त्यांना आरसीसी लागतं. दोन लिफ्ट एकाच शाफ्टमध्ये असतील तर दोन्हींच्या मधल्या सेपरेटर बीमचा (रूळ बसवायच्या आडव्या तुळईचा) खर्च कोणाचा, हे करारात लिहा. बेडरूमची भिंत शाफ्टला लागून नसावी.

पाऊस आणि लादी धुण्याचं पाणी हे लिफ्टचे खरे शत्रू. खड्ड्याला आतून-बाहेरून वॉटरप्रूफिंग हवं. लॉबीचा उतार दरवाजापासून दूर आणि दरवाजाचा उंबरा लादीपेक्षा किंचित वर ठेवा. खड्ड्याखाली माणसांचा वावर असलेली खोली असेल तर काउंटरवेटलाही (लिफ्टचा तोल सांभाळणाऱ्या वजनालाही) सेफ्टी गिअर, म्हणजे दोर तुटल्यास पकडून धरणारा ब्रेक, लागतो.

करारात

कंट्रोलर (लिफ्ट चालवणारं इलेक्ट्रॉनिक पॅनेल) असा मागा की इतर कंपनीचा तंत्रज्ञही त्यावर काम करू शकेल. पासवर्ड आणि सर्व्हिस टूल सोसायटीच्या ताब्यात हवं. नाहीतर देखभालीचा दर दरवर्षी वाढतो आणि सोसायटीला दुसरीकडे जाता येत नाही. पुढच्या 5 वर्षांचे देखभाल दर खरेदीच्याच कोटेशनमध्ये लिहून घ्या. वायररोप, मोटर आणि कंट्रोलरचं इलेक्ट्रॉनिक कार्ड त्यात धरलेत का, हे वेगळं विचारा.

ताबा घेताना लिफ्ट निरीक्षकाचा परवाना हातात आल्याशिवाय लिफ्ट वापरू नका. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये असताना मेन स्विच बंद करून पाहा: एआरडीने (वीज गेल्यावर लिफ्ट आपोआप मजल्यावर आणणाऱ्या यंत्रणेने) बॅटरीवर जवळच्या मजल्यावर येऊन दरवाजा उघडला पाहिजे. ही चाचणी एकदा रिकाम्या आणि एकदा पूर्ण भरलेल्या लिफ्टवर घ्या.