एमबीएच्या दोन जागांमधून एक निवडताना

इंजिनिअरिंगनंतर तीन वर्षे मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीतील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात काम केले आणि मग एमबीएची सीईटी दिली. प्रवेशाच्या वेळी माझ्यासमोर दोन जागा होत्या. एक पुण्यातील खासगी संस्थेच्या पीजीडीएमची होती आणि तिचे दोन वर्षांचे शुल्क दहा लाख रुपये होते. दुसरी कॅप फेरीतून, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून मिळालेली, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या नाशिकच्या महाविद्यालयातील एमबीएची होती आणि तिचे शुल्क पहिलीच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी होते. घरच्यांचा आणि माझाही कल पुण्याकडे होता.

एमबीए ही विद्यापीठाची पदवी असते, तर पीजीडीएम ही एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता असलेल्या स्वायत्त संस्थेची पदविका असते. खासगी नोकरीत या फरकाने सहसा अडत नाही. पुढे पीएचडी किंवा सरकारी नोकरीचा विचार असेल, तर मात्र त्या पदविकेला एमबीएशी समकक्षता मिळालेली आहे का, हे प्रवेशाआधीच तपासून घ्यावे.

खरा घोळ होतो तो प्लेसमेंटच्या आकड्यांत. पुण्याच्या संस्थेच्या माहितीपुस्तिकेत सरासरी पॅकेज ठळक छापले होते आणि मी त्यावरच भाळलो होतो. समजा, पाच विद्यार्थ्यांपैकी दोघांना सहा लाख, दोघांना सात लाख आणि एकाला चौतीस लाख मिळाले, तर सरासरी बारा लाख येते. प्रत्यक्षात बारा लाख कोणालाच मिळालेले नसतात. म्हणून मध्यक, म्हणजे सगळे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा विचारावा. या उदाहरणात तो सात लाख आहे. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्था क्रमवारीत सहभागी होणाऱ्या संस्थांना मध्यक वेतन आणि नोकरी मिळालेल्या विद्यार्थ्यांची संख्या सादर करावी लागते आणि ती माहिती सर्वांना पाहता येते.

तरीही आकड्यांपेक्षा अधिक समजले ते त्या संस्थेच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर. तिथे दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याला मी विचारले, की माझ्यासारखे कारखान्यातून आलेले विद्यार्थी इथून कुठे लागतात. त्याने मोबाइलवर मागच्या तुकडीतील एकेकाचे लिंक्डइन प्रोफाइल उघडून दाखवले. बहुतेक जण बँका आणि विमा कंपन्यांच्या विक्री विभागांत होते. ती कामे कमी दर्जाची मुळीच नाहीत, पण मला पुरवठा साखळीत काम करायचे होते आणि त्या वाटेने गेलेले फारच थोडे दिसले. नाशिकच्या महाविद्यालयात मी हाच प्रश्न विचारला आणि जोडीला ऑपरेशन्सचे, म्हणजे उत्पादन आणि पुरवठ्याच्या व्यवस्थापनाचे स्पेशलायझेशन किती विद्यार्थी घेतात व ते कोण शिकवते, हेही विचारले. माहितीपुस्तिकेत नाव असले तरी पुरेसे विद्यार्थी नसल्याने एखादे स्पेशलायझेशन चालवलेच जात नाही, असे होऊ शकते.

राहिला कर्जाचा प्रश्न. आमची निफाड तालुक्यात शेती आहे, त्यामुळे कर्ज हा शब्द घरात नवा नाही. अण्णांनी पॅकेज विचारलेच नाही, "हप्ता कोणत्या महिन्यापासून सुरू होईल आणि तोवरचं व्याज कोण भरणार?" एवढेच त्यांनी विचारले. पिंपळगावच्या बाजार समितीतून आलेल्या उन्हाळ कांद्याच्या पट्टीमागे, म्हणजे विक्रीच्या पावतीच्या मागच्या बाजूला, आम्ही दोघांनी हिशेब मांडला. दरवर्षी पाच लाख याप्रमाणे दहा लाख उचलायचे, व्याजदर दहा टक्के, शिक्षणाची दोन वर्षे आणि नंतरचे एक वर्ष हप्ता नाही. या काळात सरळव्याजच अडीच लाख होते. ते मुद्दलात मिळवून सात वर्षांत फेडायचे म्हटले, तर हप्ता महिना सुमारे २०,७५० रुपये येतो. सात लाखांच्या नोकरीत पुण्या-मुंबईचे घरभाडे भरून हा हप्ता फेडता येईल का, याचे उत्तर ज्याचे त्याने स्वतःच्या घरची परिस्थिती पाहून द्यावे; आमच्या घरी ते 'नाही' असे होते. शिवाय कॅपमधून प्रवेश घेतल्यामुळे राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज करता आला. त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आठ लाख रुपये आहे. उत्पन्नाचा दाखला मात्र आधीच काढून ठेवावा, कारण ऐन प्रवेशाच्या दिवसांत तहसील कार्यालयात मोठी गर्दी असते.

मी नाशिक निवडले. त्यात काही गमावलेही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. सल्लागार कंपन्या आमच्याकडे आल्या नाहीत, आणि ज्यांना फायनान्समध्ये जायचे होते, त्या माझ्या वर्गमित्रांना मुलाखतींसाठी पहाटे नाशिकरोड स्टेशन गाठून मुंबईला जावे लागले. फायनान्सच करायचे असेल तर मुंबईतील जमनालाल बजाज किंवा सिडनहॅमसारख्या संस्थेसाठी आणखी एक वर्ष थांबून पुन्हा सीईटी द्यावी, असे माझे मत आहे. माझ्यासाठी मात्र सातपूर, अंबड आणि सिन्नर इथले कारखाने हीच प्रयोगशाळा होती. पहिल्या वर्षानंतरची समर इंटर्नशिप मी सिन्नरच्या एका कारखान्याच्या भांडारात केली, आणि कोणता कच्चा माल किती दिवस पडून राहतो, याच्या मी तिथे केलेल्या नोंदींवरच माझ्या पहिल्या नोकरीची मुलाखत पाऊण तास चालली.