घरगुती फराळ-मसाल्याचा व्यवसाय: पोस्ट काय टाकायच्या, कधी टाकायच्या आणि दम कधी खायचा

घरून फराळ, मसाले, लोणची विकणाऱ्यांचं वर्ष एका चालीने जात नाही. मार्च ते मे वाळवणं आणि वर्षाचं तिखट, मेअखेर ते जून कैरीचं लोणचं, श्रावणात उपवासाचे पदार्थ, गणपतीत मोदक, दसरा ते लक्ष्मीपूजन हे वीस दिवस फराळ आणि जानेवारीत तिळाचे लाडू. नवीन उतरणारे बहुतेक जण पोस्ट टाकायला घेतात ते नेमके या गर्दीच्या दिवसांत. कढई गॅसवर, एका हातात झारा, दुसऱ्यात मोबाइल. मग पोस्टही घाईची होते आणि घाणाही करपतो. शिवाय रात्री अकराला ‘ताई, चकली आहे का?’ला उत्तर द्यायचं उरतंच. पोस्टची तयारी मंदीच्या आठवड्यांत करायची आणि सुट्टीच्या तारखा ऑर्डरच्या वहीत आधीच लिहून ठेवायच्या, एवढी घडी बसली तर हे काम वर्षानुवर्षं करवतं.

विषय गिऱ्हाईकच देतं

‘रोज काय टाकायचं, सुचत नाही’ असं ज्यांना वाटतं त्यांनी स्वयंपाकघरात एक वही टांगावी आणि फोनवर, व्हॉट्सअॅपवर, दारात येणारा प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत उतरवावा. किती दिवस टिकतं? पाव किलोत चकल्या किती बसतात? तेल कुठलं वापरता? लहान मुलांना झेपेल का? कुरिअरने मोडणार नाही ना? यातल्या एकेका प्रश्नाचं उत्तर म्हणजे एकेक पोस्ट. जो प्रश्न तीनदा येतो, त्याचं उत्तर व्हिडिओत द्यावं.

‘शुद्ध, सात्त्विक, घरगुती चव! आजच संपर्क करा’ असल्या मजकुरातून गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहून पाहा: ‘कांदा-लसूण मसाला. रंगाला बेडगी, तिखटपणाला लवंगी. चार माणसांच्या रश्श्याला दीड चमचा पुरतो. काचेच्या बरणीत ठेवा, चमचा कोरडा असू द्या. पाव किलो १८० रुपये. घरपोच बुधवारी आणि शनिवारी.’ यात किंमत आहे, प्रमाण आहे, वार आहे. वाचणाऱ्याला फोन न करता ठरवता येतं. किंमत लपवून ‘इनबॉक्समध्ये विचारा’ म्हटलं की निम्मी माणसं संकोचाने विचारतच नाहीत आणि उरलेल्यांना तेच ते सांगण्यात तुमची संध्याकाळ जाते.

रेसिपी दाखवली तर गिऱ्हाईक जाईल, ही भीती सोडावी. घरी करणारी माणसं तुमचा व्हिडिओ न पाहताही करणारच होती. विकत घेणाऱ्याला वेळ नाही, किंवा दोन माणसांसाठी कढईभर तेल तापवायचं नाही. त्याला खात्री हवी असते की समोरच्याला आपलं काम कळतं. ती खात्री पदार्थ कुठे फसतो हे समजावून सांगितल्याने फार लवकर पटते. चकलीला मोहन जास्त झालं की ती तेलात विरघळायला लागते, कमी झालं की दाताला कडक लागते, आणि तेल पुरेसं तापलेलं नसेल तर तेल पिऊन दुसऱ्या दिवशी नरम पडते. नीट जमलेली आणि फसलेली चकली शेजारी ठेवून दोन्ही मोडून दाखवा. मोडतानाचा आवाज रेकॉर्ड होऊ द्या.

अनारसे हा तर हक्काचा विषय. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, मग उपसून सावलीत कापडावर पसरायचे, किंचित ओलसर असतानाच दळून चाळायचे, किसलेला गूळ मिसळायचा आणि पीठ चार-पाच दिवस मुरू द्यायचं. गूळ जास्त झाला की अनारसा तुपात ‘हसतो’, म्हणजे पसरून फुटतो. या प्रत्येक टप्प्याची पंधरा-वीस सेकंदांची क्लिप घेतली तर आठवड्याची सोय होते आणि अनारशाला एवढा भाव का, हे वेगळं सांगावं लागत नाही. पंचांगही हाताशी असू द्या. अधिक महिन्यात जावयाला ३३ अनारशांचं वाण देतात, आणि तो महिना साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी येतो: २०२३मध्ये अधिक श्रावण, २०२६मध्ये अधिक ज्येष्ठ. वाणाच्या ऑर्डरीची पहिली पोस्ट महिना लागायच्या तीन-चार आठवडे आधी गेली पाहिजे, कारण पिठाला आठ-दहा दिवस लागतातच.

एक गोष्ट मात्र लिहू नका. ‘मधुमेहावर गुणकारी’, ‘वजन हमखास कमी’ असे दावे खाद्यपदार्थांच्या जाहिरातीत चालत नाहीत, त्यावर कारवाई होऊ शकते. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी नंबर लेबलवर छापा आणि कॅटलॉगमध्येही ठेवा. नवं गिऱ्हाईक आता तो पाहतं.

फोटो आणि व्हिडिओ

महागड्या कॅमेऱ्याची गरज नाही. आधी मोबाइलची काच मऊ कापडाने पुसा. स्वयंपाकघरात तिच्यावर तेलाचा थर बसतो आणि सगळे फोटो धुरकट येतात. सकाळी खिडकीशेजारी, थेट ऊन न येणाऱ्या जागी ताट ठेवा आणि घरातले दिवे बंद करा. पिवळ्या दिव्यात लाल तिखट भगवं दिसतं. मग गिऱ्हाइकाला बरणी उघडल्यावर रंग वेगळा वाटतो आणि नसती तक्रार येते. स्टीलच्या ताटात खिडकी चमकते, त्यापेक्षा लाकडी पाट, पितळी वाटी किंवा साधं सुती कापड बरं. स्क्रीनवर पदार्थावर बोट दाबून फोकस धरा आणि उजेड किंचित कमी करा, म्हणजे शेव-चकलीचे काटे उठून दिसतात.

व्हिडिओ उभा घ्या, तीस सेकंद पुरे. पहिल्या दोन-तीन सेकंदांत पदार्थ हलताना दिसला पाहिजे: सोऱ्यातून पडणारी चकली, खलबत्त्यातला घाव. नाव, लोगो, नमस्कार नंतर. बरेच जण आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून मुख्य वाक्य देवनागरीत पडद्यावर लिहा. इन्स्टाग्रामवर बिझनेस अकाउंटला सगळी गाणी वापरता येत नाहीत, आणि परवानगी नसलेलं गाणं लावलं तर आवाज काढून टाकला जाऊ शकतो. तळणाचा आवाज आणि तुमचं बोलणं एवढं भरपूर आहे. बोली बदलू नका. मालवणी माणूस मालवणीत बोलला की मालवणी मसाला जास्त विश्वासाचा वाटतो.

संक्रांतीनंतरचा आणि लोणचं भरून झाल्यानंतरचा, असे दोन आठवडे शूटिंगसाठी राखून ठेवा. एका बैठकीत एकाच पदार्थाचे आठ-दहा तुकडे घ्यावेत, एडिटिंग दुसऱ्या दिवशी करावं. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मेटा बिझनेस सूटमध्ये पोस्टची तारीख-वेळ आधीच लावून ठेवता येते, तेही फुकट. गर्दीच्या दिवसांत मग फक्त ‘आज काय तयार आहे’ एवढंच स्टेटसला टाकायचं उरतं.

व्हॉट्सअॅप नीट लावून घ्या

घरगुती व्यवसायात इन्स्टाग्रामवर ओळख होते, पण व्यवहार बहुतेक वेळा व्हॉट्सअॅपवरच होतो. म्हणून पहिले दोन दिवस इथे घाला. वेगळं सिम घेऊन त्यावर व्हॉट्सअॅप बिझनेस सुरू करा. कॅटलॉगमध्ये प्रत्येक पदार्थाचं वजन, किंमत, टिकाऊपणा लिहा. ‘क्विक रिप्लाय’मध्ये पाच-सहा उत्तरं साठवा: दरपत्रक, पत्ता, कुरिअरचे दर, पैसे भरायची पद्धत, ऑर्डर बंद होण्याची तारीख. लेबलं चारच पुरतात: नवी ऑर्डर, पैसे आले, पाठवलं, तक्रार. नवे लोक दहा-बारा लेबलं करतात आणि आठवड्यात सगळी सोडून देतात.

एकच निरोप अनेकांना पाठवायच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ माणसं बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला असतो त्यांनाच निरोप पोचतो. इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. दोनशे जणांना पाठवलं आणि चाळीस जणांनीच पाहिलं, तर दर वेळी मजकुराचा दोष नसतो. प्रत्येक पार्सलमध्ये एक चिठ्ठी टाका: ‘हा नंबर सेव्ह करा, ऑर्डर सुरू झाल्या की कळवू.’ प्रदर्शनात, जत्रेत स्टॉल लावलात तर व्हॉट्सअॅपचा क्यूआर कोड टेबलावर उभा ठेवा आणि माणूस समोर असतानाच त्याच्याकडून नंबर सेव्ह करून ‘नमस्कार’ लिहून घ्या. स्टॉलवरून घरी गेलेली चिठ्ठी सहसा पर्समध्येच राहते. निरोप महिन्यातून दोन, हंगामात आठवड्याला एक. त्यापेक्षा जास्त झाले की लोक ब्लॉक करतात, आणि अनेकांनी ब्लॉक किंवा रिपोर्ट केलं तर नंबरच बंद होऊ शकतो.

गुगलवरचं बिझनेस प्रोफाइल फुकट आहे. घरून काम असेल तर पत्ता लपवून फक्त सेवेचा भाग देता येतो. नावात ‘बेस्ट फराळ पुणे’ असलं काही घुसडू नका, प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. रिव्ह्यूसाठी सवलत देणंही नियमात बसत नाही. चांगला अभिप्राय आला की त्याच क्षणी लिंक पाठवून ‘हेच गुगलवर लिहाल का?’ विचारणं पुरेसं.

लाइक मोजत बसू नका. प्रत्येक ऑर्डरवर ‘आमच्याबद्दल कुठे कळलं?’ विचारून वहीत एक खूण लिहा: व्हॉ, इ, गु, स्टॉल, ओळख. तीन महिन्यांनी वही पाहा आणि जिथून एकही ऑर्डर आलेली नाही, तिथला वेळ काढून घ्या.

दम खायच्या जागा

थकवा येतो तो आपल्या आवाक्यापेक्षा जास्त ऑर्डर घेतल्यामुळे. आवाका आधी कागदावर काढा. एका दिवसात चार किलो चकली निवांत निघत असेल तर तीनच किलोंचा हिशेब धरा. दसरा ते वसुबारस यांतले तळणाचे बारा दिवस धरले, तर ३६ किलो. त्यातले दोन-तीन किलो मोडतोड आणि चुकलेल्या घाण्यासाठी सोडा. म्हणजे ऑर्डर ३३ किलोंवर बंद. ही संख्या पहिल्याच निरोपात लिहा: ‘३३ किलोच करणार, त्यातले १२ शिल्लक.’ जाहिरात म्हणूनही ते उत्तम चालतं, कारण ते खरं असतं. परदेशी पार्सलच्या ऑर्डरी घेणं दिवाळीच्या किमान महिनाभर आधी बंद करा. तो माल आधी निघतो, त्यामुळे गर्दीही विभागली जाते.

आठवड्याचा एक वार हंगामातही बंद. त्या दिवशी गॅस बंद आणि व्यवसायाचं सिमही बंद. व्हॉट्सअॅपवर आपोआप जाणाऱ्या उत्तराला, म्हणजे ‘अवे मेसेज’ला वेळ लावून ठेवा: रात्री साडेआठ ते सकाळी नऊ, आणि सुट्टीचा पूर्ण दिवस. मजकूर सरळ असावा: ‘आज सुट्टी आहे. उद्या दहानंतर उत्तर देऊ. दर कॅटलॉगमध्ये आहेत.’ पहिल्या महिन्यात चार-दोन माणसं कुरकुरतात, नंतर त्यांनाच वेळ पाठ होते. मात्र अवे मेसेज लावून स्वतःच साडेदहाला उत्तर दिलंत, की त्या वेळेला काही अर्थ उरत नाही.

शरीराचं गणित वेगळं आहे. ओटा उंच असेल तर सोरा दाबताना खांद्यावर भार येतो, म्हणून सोरा कमरेच्या उंचीच्या टेबलावर घ्या. दर तासा-सव्वा तासाने गॅस बारीक करून दहा मिनिटं पाय वर घेऊन बसा, या वेळात मोबाइल नको. मिरची भाजताना-कुटताना मास्क आणि चष्मा लावा. दुपारचं जेवण एकाच्या आत. तळणाच्या वासाने भूक मरते आणि चारला चहा-बिस्किटांवर भागवलं जातं, मग संध्याकाळी वजनात, पत्त्यात चुका होतात. पत्ते आणि वजनं सकाळी ताज्या डोक्याने तपासावीत, रात्री पॅकिंग सील करू नये.

भाऊबीजेनंतरचे पाच दिवस ऑर्डर नाही, पोस्ट नाही, भांडी घासून पालथी. सहाव्या दिवशी आधी तक्रारी वाचा आणि ज्यांचं पार्सल मोडलं त्यांना फोन करा. नवीन पोस्ट त्यानंतर.