मुंबई-न्यूयॉर्क प्रवासाचा हिशेब: या चुका टाळा

सगळ्यात महागात पडते ती तारखेची चूक. तिकिटावर १५ तारीख, रात्री १.३० असं छापलेलं असतं. आपल्या बोलण्यात मात्र दिवस उजाडल्यावर बदलतो, त्यामुळे घरात सगळे '१५ च्या रात्री निघायचं' असंच म्हणत राहतात. खरं तर १४ च्या रात्री दहापर्यंत विमानतळ गाठायला हवा. पुण्या-साताऱ्याकडच्यांनी तर १४ ला दुपारीच घर सोडावं. १५ च्या रात्री बॅगा घेऊन आलात, तर तुमचं विमान तोवर अमेरिकेत पोचलेलंही असतं. म्हणून तिकीट हातात पडताच कॅलेंडरवर १४ च्या चौकटीत 'आज निघणे' असं लिहून टाका.

दुसरी चूक वजाबाकीची. १.३० ला सुटून सकाळी ७ ला पोचणार, म्हणजे साडेपाच तास? तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे आहे, त्यामुळे हा प्रवास सोळा तासांचा झाला. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिथली घड्याळं एक तास पुढे असतात. तेव्हा फरक साडेनऊ तासांचा आणि याच वेळांचा प्रवास पंधरा तासांचा.

अंतराला वेगाने भागणारेही फसतात. दोन शहरांमधलं सर्वांत कमी अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. ताशी ९०० ने भागलं की चौदा तासही होत नाहीत. पण ती रेघ कुठून जाते, हे घरात पृथ्वीगोल असेल तर दोरा ताणून बघाच. भिंतीवरच्या नकाशात अरबस्तान, इजिप्त, सहारा असा रस्ता वाटतो. दोरा मात्र सिंध, अफगाणिस्तान, मॉस्कोच्या जवळून आइसलँडवर जातो! आणि विमानाला हा दोरा धरता येईलच असं नाही. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. अमेरिकी कंपन्यांना २०२२ पासून रशियावरून जाता येत नाही. वळसा पडला की तास वाढतात. शिवाय तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंतचं रांगणंही धरलेलं असतं.

'डायरेक्ट' म्हणजे 'नॉनस्टॉप' नव्हे. डायरेक्ट विमान वाटेत उतरू शकतं, म्हणून थांबे किती ते विचारून घ्या.

न्यूयॉर्कहून पुढे डॅलसला वगैरे जायचं असेल, तर मधे दीड तास पुरेल असं धरू नका. बहुतेक वेळा अमेरिकेत पहिल्यांदा उतराल तिथेच इमिग्रेशन, मग बॅगा घेऊन कस्टम्स आणि बॅगा परत जमा करणं, हे सगळं उरकावं लागतं. ज्येष्ठ मंडळी एकटी जात असतील, तर मी चार तास ठेवायला सांगेन.

परतीचं गणित उलटं. उंचावरचे पश्चिमेचे वारे पाठीशी असल्याने वेळ कमी लागतो, पण घड्याळ पुढे पळतं. उन्हाळ्यात शनिवारी रात्री ९ ला निघून साडेचौदा तासांनी उतरलात, तर मुंबईत रविवारची रात्र झालेली असते, ९ वाजलेले. न्यायला येणाऱ्याला रविवारच सांगा.