लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन सुरू होताना नेटवर्क अडते तेव्हा

लिनक्स संगणकावर केव्हीएम (लिनक्समधील व्हर्च्युअल मशिने चालवणारी यंत्रणा) आणि लिबव्हर्ट (त्या मशिनांचे व्यवस्थापन करणारी सेवा) यांच्या साहाय्याने व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्याला कधी ना कधी असा अनुभव येतो की, आदल्या दिवशी व्यवस्थित बंद केलेले मशीन आज सुरूच होत नाही आणि पडद्यावर ‘नेटवर्क डीफॉल्ट इज नॉट ॲक्टिव्ह’ असा संदेश उमटतो. घाबरून मशीन पुसून नव्याने बसवणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण अशा वेळी दोष होस्ट, म्हणजे व्हर्च्युअल मशीन ज्यावर चालते त्या, संगणकाच्या नेटवर्क-मांडणीत असतो. मशीनच्या डिस्कवरील माहितीला धक्काही लागलेला नसतो. पुढील विवेचन उबुंटू, डेबियन, फेडोरा आणि त्यांच्यासारख्या वितरणांसाठी आहे. कमांड येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या असून टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत टंकाव्यात. बहुतेक कमांडना आधी ‘सुडो’ (प्रशासकाचे अधिकार देणारी कमांड) लावावे लागेल.

सर्वप्रथम एका प्रश्नाचे उत्तर ठरवावे: मशीन सुरूच होत नाही, की सुरू होते पण त्याला नेटवर्क मिळत नाही? मशीन सुरू करताना लिबव्हर्ट आधी होस्टवर एक टॅप उपकरण (मशीनसाठीची आभासी नेटवर्क-जोडणी) तयार करतो, ते ठरलेल्या ब्रिजला (अनेक जोडण्या एकत्र आणणाऱ्या आभासी स्विचला) जोडतो आणि मगच मशीनची क्यूईएमयू प्रक्रिया (मशीन प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्राम) चालू करतो. यातली एखादी पायरी फसली तर मशीनच्या आतली कार्यप्रणाली जागीच होत नाही. म्हणून सुरू होतानाच एरर आली, तर शोध फक्त होस्टवर घ्यायचा. गेस्टमधील, म्हणजे मशीनच्या आतल्या कार्यप्रणालीतील, सेटिंग तपासण्यात वेळ घालवण्याचे कारण नाही. मशीन सुरू झाले, पण इंटरनेट नाही, तर मात्र फायरवॉल, पत्तावाटप (डीएचसीपी) आणि गेस्ट अशा तिन्ही ठिकाणी पाहावे लागते.

‘डीफॉल्ट’ नेटवर्क निष्क्रिय असणे

लिबव्हर्टसोबत ‘डीफॉल्ट’ नावाचे एक तयार नेटवर्क येते. ते सुरू झाले की होस्टवर ‘व्हर्बीआर०’ हा ब्रिज तयार होतो, त्याला १९२.१६८.१२२.१ हा पत्ता मिळतो, डीएनएसमास्क हा छोटा प्रोग्राम मशिनांना १९२.१६८.१२२.२ पासून २५४ पर्यंतचे पत्ते वाटतो, आणि फायरवॉलमधील नॅट (पत्ता बदलून पाठवण्याच्या) नियमांमुळे मशिनांची वाहतूक होस्टच्या पत्त्याने बाहेर पडते. ब्रिज, पत्ता, डीएनएसमास्क आणि फायरवॉल यांपैकी एकाचीही उभारणी अडली, तर संपूर्ण नेटवर्क निष्क्रिय राहते.

स्थिती पाहण्यासाठी ‘व्हर्श --कनेक्ट क्यूईएमयू:///सिस्टम नेट-लिस्ट --ऑल’ ही कमांड द्यावी; ‘व्हर्श’ हे लिबव्हर्टचे टर्मिनलवरचे साधन आहे. ‘सिस्टम’ हा भाग मुद्दाम लिहिला आहे. अनेक वितरणांत सामान्य वापरकर्त्याने नुसते ‘व्हर्श’ चालवले की ते ‘सेशन’ या वेगळ्या, त्या वापरकर्त्यापुरत्या जोडणीत शिरते. तेथे यादी रिकामी दिसते आणि नेटवर्क नाहीसे झाले असा गैरसमज होतो. व्हर्ट-मॅनेजर हे खिडक्यांचे साधन मात्र सहसा ‘सिस्टम’ जोडणी वापरते, त्यामुळे एकाच संगणकावर दोन साधने दोन वेगळ्या गोष्टी सांगत आहेत असे वाटू लागते.

यादीत ‘डीफॉल्ट’ दिसत असून ते निष्क्रिय असेल, तर ‘व्हर्श नेट-स्टार्ट डीफॉल्ट’ आणि त्यानंतर ‘व्हर्श नेट-ऑटोस्टार्ट डीफॉल्ट’ या दोन कमांड पुरेशा ठरतात. दुसरी कमांड विसरली की होस्ट पुन्हा सुरू केल्यावर तीच अडचण समोर उभी राहते. डेबियनवर हा प्रश्न विशेष भेटतो. यादीत ते नेटवर्कच नसेल, तर त्याची मूळ व्याख्या ‘/यूएसआर/शेअर/लिबव्हर्ट/नेटवर्क्स/डीफॉल्ट.एक्सएमएल’ या फाइलमध्ये असते, आणि ‘व्हर्श नेट-डिफाइन’ या कमांडपुढे त्या फाइलचा मार्ग देऊन ते परत नोंदवता येते. फाइलही नसल्यास ‘लिबव्हर्ट-डीमन-कॉन्फिग-नेटवर्क’ हे पॅकेज बसवावे.

येथे एका नावाबद्दल सावध करणे आवश्यक आहे. ‘नेट-डिस्ट्रॉय’ ही कमांड नेटवर्क फक्त थांबवते, त्याची व्याख्या पुसत नाही. व्याख्या पुसणारी कमांड ‘नेट-अनडिफाइन’ ही आहे. तरीही ‘नेट-डिस्ट्रॉय’ सहज वापरू नये, कारण त्या नेटवर्कवर चालू असलेल्या मशिनांचे टॅप ब्रिजपासून सुटतात आणि नेटवर्क पुन्हा सुरू केल्यावर ती मशिने मुकी होऊन बसतात. शक्य असेल तेव्हा आधी ती मशिने रीतसर बंद करावीत.

‘नेट-स्टार्ट’ हीच कमांड फसली तर

खरे काम येथून सुरू होते, आणि येथे एररचा संदेश शेवटच्या शब्दापर्यंत वाचणे फार महत्त्वाचे आहे. व्हर्ट-मॅनेजरच्या खिडकीत दिसणारा पहिला वाक्यांश सर्वच बाबतींत सारखा असू शकतो. नेमके कारण तपशिलात किंवा ‘जर्नलसीटीएल -यू लिबव्हर्टडी’ या नोंदीत सापडते. फेडोरा ३५ पासूनच्या नव्या मांडणीत लिबव्हर्टच्या एकाच सेवेऐवजी अनेक लहान सेवा असल्यामुळे तेथे ‘लिबव्हर्टडी’च्या जागी ‘व्हर्टनेटवर्कडी’ हे नाव घालावे.

संदेशात ‘नेटवर्क इज ऑलरेडी इन यूज बाय इंटरफेस’ असे शब्द असतील, तर १९२.१६८.१२२ ही पत्त्यांची मालिका होस्टवरील दुसऱ्या इंटरफेसने आधीच घेतलेली आहे. एका व्हर्च्युअल मशीनच्या आत पुन्हा लिबव्हर्ट बसवल्यावर हे हमखास घडते, कारण बाहेरचे आणि आतले अशी दोन्ही ‘डीफॉल्ट’ नेटवर्क एकच मालिका मागतात. आतल्या मशीनवर ‘व्हर्श नेट-एडिट डीफॉल्ट’ देऊन ब्रिजचा पत्ता, वाटपाचा आरंभ आणि वाटपाचा शेवट या तिन्ही ठिकाणी १२२ ऐवजी १२३ किंवा मोकळा असलेला दुसरा आकडा घालावा. एक जरी जागा राहिली तरी व्याख्या विसंगत होते आणि नेटवर्क पुन्हा नाकारले जाते.

संदेशात डीएनएसमास्कचा उल्लेख आणि ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ असे शब्द असतील, तर डीएनएसच्या (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या) ५३ क्रमांकाच्या पोर्टवर दुसराच कोणी बसलेला आहे. लिबव्हर्ट आपल्या प्रत्येक नेटवर्कसाठी डीएनएसमास्कची स्वतंत्र प्रत चालवतो. होस्टवर आधीपासून डीएनएसमास्क, पाय-होल किंवा बाइंड हा डीएनएस सर्व्हर सर्व पत्त्यांवर ऐकत असेल, तर १९२.१६८.१२२.१ वर ऐकण्यासाठी लिबव्हर्टच्या प्रतीला जागाच उरत नाही. ‘सुडो एसएस -एलएनटीयूपी’ या कमांडच्या उत्तरात ५३ क्रमांकाचे पोर्ट शोधावे आणि त्यापुढील प्रक्रियेचे नाव पाहावे. तेथे १२७.०.०.५३ हा पत्ता आणि सिस्टमडी-रिझॉल्व्हडी हे नाव दिसले तर ते निरपराध आहे, कारण ती सेवा स्थानिक पत्त्यापुरतीच ऐकते. इंटरनेटवरचे पुष्कळ सल्ले तीच बंद करायला सांगतात आणि त्यामुळे होस्टचेच नावशोधन बिघडते. पत्त्याच्या जागी ०.०.०.० आणि डीएनएसमास्क दिसल्यास मात्र त्याच्या सेटिंगमध्ये ‘बाइंड-इंटरफेसेस’ आणि ‘एक्सेप्ट-इंटरफेस=व्हर्बीआर०’ या दोन ओळी घालून ती सेवा पुन्हा सुरू करावी. बाइंडच्या बाबतीत हेच काम ‘लिसन-ऑन’ या सेटिंगमध्ये नेमके पत्ते लिहून होते. सगळ्या डीएनएसमास्क प्रक्रिया एकाच फटक्यात मारून टाकण्याचा उपाय मला मान्य नाही, कारण त्यात लिबव्हर्टच्या इतर चालू नेटवर्कांची पत्तावाटपाची सोयही बंद पडते.

तिसरा गट फायरवॉलचा. ‘इनव्हॅलिड झोन: लिबव्हर्ट’ असा संदेश आला, तर लिबव्हर्टने आणलेला नवा झोन (नियमांचा गट) चालू असलेल्या फायरवॉलडी या फायरवॉल-सेवेने अद्याप वाचलेला नसतो; आधी फायरवॉलडी आणि मग लिबव्हर्ट अशा क्रमाने दोन्ही सेवा पुन्हा सुरू कराव्यात. ‘फेल्ड टू इनिशियलाइझ अ व्हॅलिड फायरवॉल बॅकएंड’ हा संदेश आला, तर आयपीटेबल्स किंवा एनएफटेबल्स या फायरवॉलचे नियम लिहिणाऱ्या साधनांपैकी लागणारे साधन होस्टवर बसवलेलेच नाही, किंवा ते लिबव्हर्ट सुरू झाल्यानंतर बसवलेले आहे. साधन बसवून लिबव्हर्टची सेवा पुन्हा सुरू केल्यावरच त्याची दखल घेतली जाते. फायरवॉल कायमची बंद करून प्रश्न सुटत नाही. नॅटचे काम त्याच यंत्रणेवर चालते.

हरवलेला ब्रिज

‘कॅनॉट गेट इंटरफेस एमटीयू ऑन बीआर०: नो सच डिव्हाइस’ हा संदेश बहुधा दुसऱ्या संगणकावरून आणलेल्या मशीनच्या बाबतीत दिसतो. जुन्या होस्टवर ‘बीआर०’ नावाचा ब्रिज होता, नव्या होस्टवर तो नाही. ‘व्हर्श डोमइफलिस्ट’ या कमांडपुढे मशीनचे नाव दिल्यास ते कोणता ब्रिज मागते हे कळते, आणि ‘आयपी -बीआर लिंक’ या कमांडने होस्टवर खरोखर काय आहे हे दिसते. मशीनला फक्त इंटरनेट हवे असेल, तर ‘व्हर्श एडिट’ने त्याची जोडणी ‘डीफॉल्ट’ नेटवर्ककडे वळवावी. घरच्या किंवा कार्यालयाच्या नेटवर्कमधील इतर संगणकांनी त्या मशीनपर्यंत थेट पोचायचे असेल, तर मात्र ‘एनएमसीएलआय’ या नेटवर्क-मांडणीच्या कमांडच्या साहाय्याने ब्रिज उभारून होस्टचे वायरचे कार्ड त्यात सामील करावे लागते. हे करताना होस्टचा स्वतःचा पत्ता कार्डावरून ब्रिजवर जातो आणि जोडणी मध्येच तुटू शकते, म्हणून दुरून एसएसएचने (दूरच्या टर्मिनल-जोडणीने) शिरून हे काम करू नये.

वायफायच्या कार्डावर असा ब्रिज सहसा चालत नाही, कारण राउटर आपल्याशी जोडल्या गेलेल्या कार्डाच्या मॅक पत्त्याखेरीज (कार्डाच्या हार्डवेअर-ओळखक्रमांकाखेरीज) इतर पत्त्यांवरून आलेली वाहतूक स्वीकारत नाही. लॅपटॉपवर नॅटच ठेवावे हे माझे स्पष्ट मत आहे. मॅकव्हीटॅप (ब्रिजशिवाय मशीन थेट कार्डाला जोडणे) हा पर्याय वायरवर सोपा वाटतो, पण त्यात होस्ट आणि गेस्ट यांचा आपसांत संपर्क होत नाही, हे आधी जाणून घ्यावे.

मशीन चालू, पण नेटवर्क नाही

‘व्हर्श नेट-डीएचसीपी-लीझेस डीफॉल्ट’ या कमांडने मशीनला पत्ता मिळाला की नाही ते पाहावे. पत्ता मिळालेला आहे, १९२.१६८.१२२.१ ला पिंग जाते, पण त्यापलीकडे काहीच पोचत नाही, अशी स्थिती असेल तर आधी ‘/प्रॉक/सिस/नेट/आयपीव्ही४/आयपी_फॉरवर्ड’ या फाइलमध्ये १ आहे याची खात्री करावी आणि मग त्याच होस्टवर डॉकर (कंटेनर चालवणारे साधन) आहे का ते तपासावे. डॉकर फायरवॉलच्या ‘फॉरवर्ड’ साखळीचे धोरण ‘ड्रॉप’ असे ठेवतो. लिबव्हर्टच्या १०.४ या २०२४ मधील आवृत्तीपासून त्याचे नियम थेट एनएफटेबल्समध्ये लिहिण्याची सोय आली. ते नियम वेगळ्या तक्त्यात असल्यामुळे तेथे परवानगी मिळालेले पॅकेट डॉकरच्या धोरणाने दुसरीकडे अडवले जाते. ‘/ईटीसी/लिबव्हर्ट/नेटवर्क.कॉन्फ’ या फाइलमध्ये ‘फायरवॉल_बॅकएंड’ची किंमत ‘आयपीटेबल्स’ अशी करून सेवा पुन्हा सुरू केल्यास मशिनांची वाहतूक सहसा मोकळी होते. बाकी, एकही मशीन चालू नसताना व्हर्बीआर० ‘डाउन’ दिसतो, ती बिघाडाची खूण नव्हे.

पत्ताच मिळत नसेल, तर व्हर्ट-मॅनेजरच्या पडद्यावरून किंवा ‘व्हर्श कन्सोल’ने गेस्टमध्ये शिरून कार्डाचे नाव पाहावे. मशीनचा प्रकार जुन्या आय४४०एफएक्सवरून क्यू३५ वर नेला, की ‘ईएनएस३’ नावाचे कार्ड ‘ईएनपी१एस०’ होऊ शकते, आणि नेटप्लॅनच्या (उबुंटूच्या नेटवर्क-मांडणीच्या) फाइलमध्ये जुनेच नाव राहिल्यामुळे नव्या कार्डासाठी पत्ता मागितलाच जात नाही. दोन मशिनांना एकच पत्ता मिळत असेल, तर ती एकमेकांच्या प्रती असण्याची दाट शक्यता आहे. ‘व्हर्ट-क्लोन’ नवा मॅक पत्ता देतो, परंतु गेस्टमधील ‘/ईटीसी/मशीन-आयडी’ तोच राहतो, आणि सिस्टमडी-नेटवर्कडी ही गेस्टमधील नेटवर्क-सेवा त्याच्याच आधारे पत्तावाटप करणाऱ्याला स्वतःची ओळख सांगते. प्रतीमध्ये ती फाइल रिकामी करून मशीन पुन्हा सुरू करावे, किंवा मशीन पूर्ण बंद असताना त्यावर ‘व्हर्ट-सिसप्रेप’ (प्रतीतील जुनी ओळख पुसणारे साधन) चालवावे. चालू मशीनवर ते चालवल्यास डिस्क खराब होऊ शकते.

विंडोज गेस्टमध्ये नेटवर्क कार्डच दिसत नसेल, तर व्हर्टआयओ (व्हर्च्युअल मशीनसाठीच्या आभासी कार्डाचा) चालक, म्हणजे ड्रायव्हर, बसवलेला नसतो. तो उतरवून घेण्यासाठीही इंटरनेट लागते, म्हणून मशीनच्या सेटिंगमध्ये कार्डाचा प्रकार तात्पुरता ‘ई१०००ई’ करावा, चालक बसवावा आणि मग प्रकार परत ‘व्हर्टआयओ’ असा करावा.